चुंबळ घरी ठेवून



गटाच्या ताईंनी मला सांगितलं, ‘तू डोंगरावर बोल.’ मी म्हटलं, ताई, डोंगरावर काय बोलायचं? सकाळी दार उघडलं की तो समोर उभा. त्याच्यावर बोलायचं म्हणजे घरातल्या भिंतीवर बोलल्यासारखं. तर ताई म्हणाल्या, ‘तू एकटी वर जातेस ना, बिनकामाची? त्याच्यावर बोल.’ म्हणजे माझी गोष्ट त्यांना कुणीतरी सांगितलेली होती. गावात काही लपत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

तर ऐका.

आमचं गाव कळसूबाईच्या पायथ्याला, अकोले तालुक्यात. कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. जुन्या मापात साधारण ५४०० फूट. वर देवीचं लहानसं देऊळ आहे. नवरात्रात जत्रा भरते, तेव्हा पंचक्रोशीतल्या बाया नटूनथटून वर जातात. वाटेत उभ्या कड्याला लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. आता शनिवार-रविवारी मुंबई, पुणे, नाशिकहून इतकी माणसं येतात की शिडीला रांग लागते.

त्या माणसांवर माझं घर चालतं, हे आधीच सांगते. वाटेवर माझी टपरी आहे. चार बांबू, वर ताडपत्री. लिंबू सरबत, ताक, कांदाभजी, चहा. पाणी खालून न्यावं लागतं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हातात पिशवी, पिशवीत बेसन आणि तेल. सतरा वर्षं झाली. शनिवारी चढायचं, रविवारी चढायचं. त्याच्या आधी लग्न झाल्यापासून मोळीसाठी चढत होते. लहानपणी माहेरी शेळ्यांमागे चढत होते. माझा जन्म डोंगरात गेला म्हणा ना.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एक मुलगी आली, चोवीस-पंचवीसची असेल. एकटीच होती. सरबत प्यायली, पैसे दिले आणि मला म्हणाली, ‘मावशी, तुम्ही किती नशीबवान. रोज हे बघायला मिळतं.’ मी हसले. मग तिनं विचारलं, ‘वरून तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं?’

बायांनो, मला उत्तर आलं नाही.

वर मी कितीतरी वेळा गेले होते. जत्रेला गेले, नवस फेडायला गेले, पोरांचं जावळ काढल्यावर गेले. पण वर जाऊन काय केलं? नारळ फोडला, कुंकू लावलं, पोरं मोजली, ‘चला, उशीर होतोय’ म्हटलं आणि उतरले. आवडायला तिथं थांबले कधी? ती मुलगी वाट बघत उभी होती. मी म्हटलं, ‘वारं चांगलं असतं.’ ती गेली. पण तो प्रश्न काही गेला नाही. रात्री भांडी घासताना पण तोच. सतरा वर्षं ज्या वाटेनं जाते, त्या वाटेवर मला काय आवडतं ते मला सांगता येऊ नये?

मग माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. डोक्यावर हंडा असला की मान वळत नाही. तुम्ही सगळ्या जणी हे जाणता. मान ताठ धरायची, नजर पुढच्या तीन हातांवर ठेवायची, पाय चाचपून टाकायचा. वर बघितलं तर हंडा मागं जातो, खाली बघितलं तर पुढं येतो. मोळीचं तसंच. चाऱ्याच्या भाऱ्याचं तसंच. म्हणजे मी सगळा जन्म डोंगर चढले, पण बघितली ती फक्त तीन हात वाट. तिच्यातला दगडन्‌दगड मला पाठ आहे. आजूबाजूला काय आहे, ते त्या मुंबईच्या मुलीला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

तेव्हा मनात आलं, एकदा चुंबळ घरी ठेवून जावं.

मनात येणं सोपं असतं. बाईनं घराबाहेर पडायचं म्हटलं की कारण लागतं. पाण्याला चालले, लाकडाला चालले, दवाखान्यात चालले, बाजाराला चालले. वारीला चालले तर फार चांगलं, पण तिथंही दिंडी बरोबर असते. ‘मी एकटी डोंगरावर चालले आणि तिथं मला काही काम नाही’ असं म्हटलं, तर लोक काय म्हणतील? घरात भांडण झालंय म्हणतील, नाहीतर डोक्यावर परिणाम झालाय म्हणतील. एखादी बाई तोंडात पदर धरून आणखी वाईटही बोलेल.

म्हणून मी खोटं बोलले. भात कापून, झोडून झाला होता, थंडी पडली होती. सासूबाईंना म्हटलं, ‘आत्याबाई, बुधवारी देवीला जाऊन येते. नवस बोलले होते.’ त्या म्हणाल्या, ‘कशाचा गं नवस?’ मी म्हटलं, ‘थोरल्याच्या कामाचा.’ थोरल्याला काम लागून तीन वर्षं झाली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण काही बोलल्या नाहीत.

बुधवार यासाठी, की बुधवारी वाटेवर कुणी नसतं. पहाटे भाकऱ्या टाकल्या, कालवण करून ठेवलं. फडक्यात दोन नागलीच्या भाकऱ्या, ठेचा, एक कांदा. पाण्याची बाटली. जरा फटफटल्यावर निघाले. गावाबाहेर येईपर्यंत छाती धडधडत होती, जणू काही चोरून नेत होते. आणि डोकं इतकं हलकं, की दोनदा हात वर गेला हंडा सावरायला! हंडा नव्हताच. माझं मलाच हसू आलं.

आता त्या दिवशी काय दिसलं ते सांगते. तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? विशेष काही नव्हतंच.

पहिलं म्हणजे मी थांबले. वाटलं तिथं थांबले. एरवी ती वाट मी दोन तासांत चढते, त्या दिवशी तीन लागले. कुणी मागून ‘चल गं’ म्हणणारं नव्हतं आणि कुणाच्या मागं मला पळायचं नव्हतं. आपली चाल काय आहे, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. लहानपणी आईच्या चालीनं चालले, मग मालकांच्या, मग पोरांच्या. माझी स्वतःची चाल जरा सावकाश आहे आणि मधेमधे उभी राहणारी आहे.

दुसरं, कान. माणसं बरोबर असली की बोलणं असतं. एकटीला आधी स्वतःचा श्वास ऐकू येतो. मग चपलेखालचं खरखर गवत. मग बुलबुल. मग वारा कुठून येतोय ते कळतं. गवतातला वारा वेगळा वाजतो, झाडातला वेगळा, कड्यावरचा वेगळा. हे मला कुणी शिकवलं नाही, नुसतं गप्प राहिले म्हणून कळलं.

तिसरं, कारवी. आमच्या उतारावर कारवी भरपूर. तिच्या काठ्यांच्या आम्ही कुडाच्या भिंती करतो. ती सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, तेव्हा सगळा उतार जांभळा होतो, फुलून झाली की झाड वाळून जातं. मी कारवी तोडली किती, त्याचा हिशेब नाही. पण उभं राहून तिचं पान कधी हातात घेऊन बघितलं नव्हतं. केवढं खरखरीत, आणि कडेला कातरल्यासारखं! इतकी वर्षं माझ्या भिंतीत ती आहे आणि आमची ओळख त्या दिवशी झाली.

शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे, तिथं हातपाय धुतले. वर गेले. देवळात कुणी नव्हतं. देवीला हळदकुंकू वाहिलं आणि खरं सांगितलं, ‘बाई, नवस-बिवस काही नाही. असंच आले.’

आमच्या या देवीची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे का? आमच्याकडे सांगतात ती सांगते. कळसू नावाची कोळ्याची मुलगी होती. इंदोरे गावात पाटलाच्या घरी कामाला राहिली. राहताना अट घातली, बाकी सगळं काम करीन, पण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. पाटील कबूल झाला. एके दिवशी घरात पाहुणे आले, काम वाढलं. तेव्हा तिला जबरदस्तीनं केरभांडी करायला लावली. तिनं केली, आणि रागानं निघून डोंगरावर गेली, ती परत आलीच नाही. जिथं भांडी घासली तिला थाळेमेळ म्हणतात, केर टाकला तो काळदरा, आणि ती राहिली तो कळसूबाईचा डोंगर.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकली, माझ्या लेकरांना सांगितली. पण त्या दिवशी देवळाच्या पायरीवर एकटी बसले, तेव्हा नीट समजली. महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच जागेवर कोण बसलंय? केरभांड्याला नाही म्हणणारी एक कामकरी पोर. तिच्या पायाशी आपण दर वर्षी जातो, ओटी भरतो आणि घाईनं खाली येतो, का, तर भांडी पडलीत.

मी काही घर सोडून जा म्हणत नाही, गैरसमज नको. मला माझं घर लागतं. पण देवीनं जन्मभरासाठी मागितलं ते आपण एका सकाळपुरतं तरी मागावं.

पायरीवर बसून भाकरी खाल्ली. बायांनो, आठवून बघा, शेवटचं कधी तुम्ही मधे न उठता जेवलात? पाणी दे, मीठ दे, दार बघ, पोराला घे. मी दोन्ही भाकऱ्या बसून खाल्ल्या, एक घास पण घाईनं नाही. नुसत्या ठेच्याला काय चव होती, सांगता येत नाही.

मग बघितलं. खाली भंडारदऱ्याचं पाणी. इंग्रजांच्या काळात, १९२६ साली ते धरण पुरं झालं, प्रवरेवर. तिकडे रतनगड, त्याच्यापलीकडे हरिश्चंद्रगडाचा डोंगर. या बाजूला अलंग, मदन, कुलंग, तिघं भावंडं ओळीनं बसल्यासारखे. एक घार माझ्याखाली फिरत होती. घार आपण जन्मभर पोटाकडून बघतो. मी तिची पाठ बघितली! उन्हात तांबूस दिसते ती.

शेवटी माझं गाव शोधलं. माझं घर सापडेना. मग निळा कागद टाकलेलं छप्पर दिसलं, तेच आमचं. काडेपेटीएवढं. आणि त्याच्यातून धूर निघत होता.

खरं सांगते, आधी मला वाईट वाटलं. मी नाही आणि चूल पेटली? कुणाचं काही अडलं नाही? आपल्यावाचून घर चालत नाही, या एका आधारावर आपण किती दुखणी अंगावर काढलेली असतात. मी त्या धुराकडे बराच वेळ बघत बसले. मग हळूहळू हलकं वाटायला लागलं. चूल पेटते आहे तर पेटू दे. चहा करत असतील मालक. साखर जास्त घालत असतील. घालू दे.

डोळ्याला पाणी आलं. दुःखाचं नव्हतं, सुखाचं म्हणावं तर तसंही नव्हतं. कुणी विचारायला नव्हतं ‘काय झालं?’ म्हणून, तेच फार बरं वाटलं. घरात रडायचं तर पोरं घाबरतात, बाहेर रडायचं तर लोक बघतात. तिथं मी आपली रडले, नाक पुसलं आणि उतरायला लागले.

घरी आले. कुणी काही विचारलं नाही. पण महिन्याभरानं मला परत जावंसं वाटलं. आता नवस कुठला काढणार? सासूबाईंनी विचारलं, ‘परत कशाला गं?’ मी घाबरत म्हटलं, ‘असंच, आत्याबाई. जरा एकटीनं बसायला.’

त्या निवडत होत्या तांदूळ. हात थांबला त्यांचा. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, ‘मी नवी नवरी असताना मोळीला जायचे ना, तेव्हा खिंडीत मोळी उतरवून बसायचे. सावलीत. घटकाभर. घरी आल्यावर सासू विचारायची, उशीर का? मी सांगायचे, दोर तुटला.’ मग हसल्या. तोंडात दात दोनच आहेत त्यांच्या. म्हणाल्या, ‘एका वर्षात किती दोर तुटले माझे, मोजदाद नाही.’

बायांनो, मी तिथंच बसले. तीस वर्षं एका घरात काढली आम्ही. भांडलो, रुसलो. आणि दोघींची चोरी एकच होती. त्यांनी घटकाभर बसण्यासाठी दोर तोडला, मी नवस काढला. माझ्या आईनं काय सांगितलं असेल, ते आता विचारायला ती नाही. घटकाभर एकटं बसण्यासाठी आपल्या किती पिढ्या खोटं बोलल्या असतील!

म्हणून आज मी रेडिओवर खरं बोलते आहे. मी डोंगरावर जाते, एकटी जाते, काही आणायला जात नाही आणि काही वाहायला जात नाही.

आता तुम्ही विचाराल, भीती नाही वाटत? वाटते. जनावरापेक्षा माणसाची जास्त वाटते. एकदा चार पोरं मोठ्यानं गाणी लावून वर आली. मी उठून ओळखीच्या टपरीपाशी येऊन बसले, ती गेल्यावर मग पुढं गेले. यात लाज कसली? एकटं जाणं म्हणजे आंधळेपणानं जाणं नव्हे. म्हणून माझे नेम सांगते, ध्यानात ठेवा.

एक, घरातल्या किंवा शेजारच्या एका तरी बाईला सांगून जायचं. कुठल्या वाटेनं जाते आणि किती वाजता परत येईन, दोन्ही. त्या वेळेला आले नाही तर तिनं माणसं घेऊन निघायचं.

दोन, ओळखीची वाट. नवीन डोंगरावर आधी दोन वेळा सोबतीनं जायचं, मग एकटीनं.

तीन, पावसाळ्यात एकटीनं शिड्यांवर, कड्यावर जायचं नाही. शेवाळ असतं, धुकं आलं की वाट सापडत नाही. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर विजा होतात, तेव्हा आधीच खाली यायचं. तसंही दुपारी उतरायला लागायचं, दिवस असताना घरी.

चार, पाय झाकणारे बूट किंवा घट्ट सँडल. साडी असेल तर ओचा-पदर नीट खोचून घ्यायचा. शिडीवर दोन्ही हात मोकळे हवेत. उतरताना काठी धरा, गुडघ्याला आधार होतो.

पाच, पाणी भरपूर, गुळाचा खडा आणि मीठ बरोबर. साखरेची, रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून जा.

सहा, कड्याला आग्या मोहोळ असतं. अत्तर लावून जायचं नाही, धूर करायचा नाही.

सात, फोन भरून न्यायचा. सगळीकडे रेंज नसते, पण जिथं असेल तिथं ११२ नंबर लागतो, हा पाठ ठेवा.

आमच्या गटात आता आम्ही एक ठरवलंय. आम्ही चौघी जणी आहोत. महिन्यात एक बुधवार एकीचा. तिची शेळी, तिचं लहान पोर, तिची म्हातारी, हे त्या सकाळी बाकीच्या तिघींनी बघायचं. जशी आपण बचतीची पाळी लावतो, तशी ही सवडीची पाळी. एकीला डोंगर झेपत नाही, गुडघे गेलेत. ती पाझर तलावाच्या बांधावर जाऊन बसते. चालतं. तुमच्याकडे डोंगर नसेल तर टेकडी असेल, माळ असेल, नदीचा काठ असेल. उंची महत्त्वाची नाही. चुंबळ घरी ठेवली का, एवढंच बघायचं.

आणि एक नियम केलाय. परत आलेल्या बाईला ‘काय आणलंस?’ असं विचारायचं नाही. लाकूड नाही, भाजी नाही, प्रसाद पण नाही. रिकाम्या हातानं आली तरी ती काहीतरी घेऊनच आलेली असते.

त्या मुंबईच्या मुलीला मी परत बघितलं नाही. आली तर तिला सांगायचंय, वरून मला घारीची पाठ आवडते. आणि आमच्या चुलीचा धूर आवडतो, मी पेटवलेली नसते तेव्हाचा.

एवढं बोलून थांबते. पुढचा बुधवार माझा आहे. आत्याबाई म्हणाल्यात, खिंडीपर्यंत त्या पण येतील, हळूहळू. मग त्या त्यांच्या सावलीत बसतील आणि मी पुढं जाईन.

दोर काही तुटलेला नाही, हे सगळ्यांना सांगून जाणार आहोत.